वरच्या तुकड्यातलं पाणी

हिरवा खण, घडी मोडलेली, सुतळीने आवळून बांधलेला.

*

"हे वाक्य काढा."

*

कोथिंबिरीच्या जुडीला वास मारतो असं जिला वाटतं ती बाई भांडत नाही. जुडी नाकापाशी नेते, परत टोपलीत ठेवते आणि शेजारच्या टोपलीपाशी जाऊन उभी राहते.

*

लॅबच्या माणसाने आधी चपला काढल्या.

*

सावळीराम माळोद्यांना वरच्या तुकड्यात तीन वेळा धूळ लागली. तिन्ही वेळा नारळ फोडला होता.

*

तेल व चिकट पदार्थ: आढळले. तेल व चिकट पदार्थ: आढळले. तेल व चिकट पदार्थ: आढळले.

*

डांबराला घाई नसते.

भराव

हे सगळं एकाच जागेचं आहे. नाशिकरोड मागे टाकून रूळ पूर्वेला निघतात, शहर आता संपलं असं वाटतं आणि तेवढ्यात पडक्या तारेच्या कुंपणामागे घाणेरीचं रान लागतं. त्याला लोक काळा डेपो म्हणतात. रेल्वेच्या जागेत कुणा ठेकेदाराचं काम चालायचं. रुळांखाली लाकडी स्लीपर असत तेव्हाची गोष्ट. त्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते हौदातल्या काळ्या डांबरी तेलात मुरवत, मग उघड्या जमिनीवर निथळायला ठेवत. निथळलेलं कुठे गेलं हे कोणी विचारलं नाही. पुढे सिमेंटचे स्लीपर आले, हौद भंगारात गेले, ठेकेदाराचं नावही कोणाच्या लक्षात राहिलं नाही. जमिनीत उतरलेलं तेल मात्र तिथेच राहिलं, कारण ते घ्यायला भंगारवाला येत नाही.

आता सिंहस्थ तोंडावर आला होता. येणाऱ्या गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. काळ्या डेपोवर मुरूम टाकायचा, दाबायचा, वर काँक्रीट ओतायचं, असं ठरलं. ते करण्याआधी माती आणि पाणी तपासून घ्या, अशी एक अट कुठल्याशा कागदावर होती. ती अट म्हणजे रोहिणी पगारेची नोकरी.

रोहिणी भूगर्भशास्त्र शिकलेली, नाशिकरोडच्याच कॉलनीत वाढलेली, शिक्षकाची मुलगी. सल्लागार कंपनीत सहा वर्षं झाली होती. आजवरची तिची बहुतेक कामं आधीच ठरलेल्या उत्तराला प्रश्न जोडून देण्याची होती. हे काम तसं नव्हतं, कारण इथे एक विहीर होती.

डेपोची जागा घेतली ती माळोद्यांच्या शेताच्या मधोमध. त्यामुळे त्यांच्या जमिनीचे दोन भाग झाले. जमिनीचा उतार नदीकडे. डेपोच्या वर त्यांचा कोरडा तुकडा, डेपोच्या खाली बागायत आणि विहीर. वरून येणारं जमिनीतलं पाणी डेपोखालून जातं आणि विहिरीत उतरतं. विहिरीच्या पाण्यावर कोथिंबीर, मेथी, झेंडू. आणि गेली काही वर्षं त्या पाण्यावर उन्हात इंद्रधनुष्यासारखा पातळ तवंग.

परीक्षा सोपी होती. पाणी डेपोत शिरण्याआधी कसं आहे आणि बाहेर पडताना कसं आहे, एवढंच बघायचं. त्यासाठी वरच्या तुकड्यात एक बोअर घ्यायचा. त्याला कागदावर संदर्भ कूपनलिका म्हणतात. ती स्वच्छ निघाली तरच खालची घाण डेपोची ठरते. तसं ठरलं तर काँक्रीटच्या आधी माती उकरून न्यावी लागते. नाही ठरलं तर सगळं झाकलं जातं, आणि झाकलेलं परत कोणी उघडत नाही.

काळी माती

"विहीर तपासून काय करणार?" आक्काबाई माळोदे पहिल्या दिवशी म्हणाल्या. त्या बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होत्या. "वास येतो ते मला नाकाने कळतंय. पंधरा वर्षं झाली."

"कागदावर आलं पाहिजे, आक्का."

"कागदाला नाक असतं व्हय?"

त्यांची सून शुभांगी हसली. रोज पहाटे माल घेऊन बाजारात ती जायची. नाकापाशी जुडी नेऊन परत ठेवणाऱ्या बायकांना तीच तोंड द्यायची. "सासूबाई, मॅडम आपल्याच बाजूच्या हायेत," ती म्हणाली.

"आपल्या बाजूचे लय पाहिले. मोजणीवाले आपल्याच बाजूचे होते."

 रोहिणीने बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या डकवल्या. प्यायचं पाणी कुठून आणता, असंही विचारलं.

"टँकर येतो. कधी येतो, कधी नाय. मग हेच." आक्काबाईंनी हनुवटीने विहिरीकडे दाखवलं. "उकळून घेतो. उकळलं की वास घरभर होतो."

डांबर

बोअर मारायला गाडी आली ती नवनाथची. हा देवळ्याचा, कांदेवाल्यांच्या शेतात बोअर मारण्यात हयात गेलेला. दर ठिकाणी तो गाडीपुढे नारळ फोडायचा आणि बोअरच्या हातोड्याच्या तोंडाला तेल-शेंदूर लावायचा. रोहिणीने ते पहिल्याच दिवशी थांबवलं.

"तेल नाही. ग्रीस नाही. शेंदूरही नाही. दांड्या साबणाच्या गरम पाण्याने धुवायच्या, दर भोकानंतर."

"मॅडम, ग्रीस नाय लावलं त दांड्या अडकतीन."

"अडकू दे."

"अडकनार मी. तुम्ही त घरी जाशान."

"नारळ फोड, पण तिकडे, टायरपुढे. भोकापाशी काही सांडायचं नाही. आपण तेलच शोधतोय, नवनाथ. आपलं तेल आपल्यालाच सापडलं तर काय करायचं?"

त्याने तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. दांड्या त्याने भांड्यांसारख्या घासल्या. डेपोतल्या पहिल्या भोकातून राखाडी धुरळा आला, मग काळपट ढेकळं. आणि मग असा वास आला की गाडीवरच्या माणसांनी तोंडाला गमछे बांधले. ढेकूळ हातात घेतलं की बोटांना चिकटायचं. दुसऱ्या भोकातही तेच, तिसऱ्यातही. रोहिणीला त्या वासाने डोकं दुखायला लागलं. पण कितीतरी महिन्यांनी तिला बरंही वाटत होतं. जे होतं ते दिसत होतं, हाताला लागत होतं. कोणी नाही म्हणू शकणार नाही असं तिला वाटलं. तिला असं वाटण्याचा अनुभव कमी होता.

मांजऱ्या

शेवटचा बोअर वरच्या तुकड्यात, म्हणजे संदर्भाचा.

तिथे आक्काबाई सकाळपासून येऊन बसल्या होत्या. सावळीराम गेल्यापासून त्या तुकड्यात कोणी नांगर घातला नव्हता. नवऱ्याने तिथे तीनदा पाणी शोधलं. एकदा हातात नारळ धरणारा पाणाड्या आणला, एकदा तारा धरणारा, एकदा स्वतःच्या अकलेने. तिन्ही वेळा खाली नुसता धुरळा. मरेपर्यंत तो म्हणायचा, वरचं रान पाण्यावर बसलंय, फक्त जागा चुकतेय.

रोहिणीने जागा निवडली ती नकाशावरून, डेपोच्या कुंपणापासून लांब, मुद्दाम कोपऱ्यात. दुपारी दांडी मुरमातून मांजऱ्यात गेली. मऊ, भोकाभोकांचा खडक, विहीर खणणाऱ्यांना ओळखीचा. धुरळ्याचा रंग बदलला, ओलसर झाला, आणि मग पाइपाच्या तोंडातून पाण्याचा फवारा उडाला.

"पानी लागनं, मॅडम," नवनाथ कॉम्प्रेसरच्या वर ओरडला. त्याने ओंजळ भरून तोंडाला लावली. "गोड शे."

त्याच वेळी कंपनीतल्या तिच्या वरिष्ठांचा, मनोजसरांचा फोन आला. गाडी अजून किती दिवस ठेवणार, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. रोहिणी एका कानात बोट घालून बोलत होती. आक्काबाई त्या फवाऱ्याखाली उभ्या राहिल्या, पदर भिजला तरी हलल्या नाहीत. त्या काहीतरी बोलत होत्या, पाइपाला बोलत होत्या, रोहिणीला बोलत होत्या, कोणाला ते कॉम्प्रेसरच्या आवाजात कळत नव्हतं.

संध्याकाळी बोअरमध्ये मनगटाएवढा पाइप उतरवला, वर टोपण लावलं. पाणी निवळायला चारपाच दिवस द्यायचे आणि मग नमुना घ्यायचा. तोवर रोहिणीला विंचूरच्या दुसऱ्या कामावर पाठवलं गेलं. नमुना लॅबचा माणूस घेणार होता. आधी पाइपातलं साचलेलं पाणी उपसून टाकायचं, मग ताजं येईल ते भरायचं, हे त्याला लिहून दिलं होतं.

आढळले

निकाल आले. डेपोतल्या तिन्ही बोअरमध्ये तेल व चिकट पदार्थ आढळले. विहिरीत आढळले. संदर्भ कूपनलिकेतही आढळले, आणि विहिरीपेक्षा जास्त.

रोहिणीने कागद उलटा केला, सुलटा केला. मग मनोजसरांच्या केबिनमध्ये गेली.  माणूस वाईट नव्हता, फक्त थकलेला होता.

"हे चुकलंय, सर."

"लॅबला मान्यता आहे."

"वरच्या पाण्याला वास नव्हता. नवनाथ ते प्यायला. मी स्वतः हुंगलं."

"तक्त्यात वासाला रकाना नाही, रोहिणी."

"ही चाचणी फक्त तेल आहे की नाही सांगते. कसलं ते नाही. डांबराचं वेगळं ओळखणारी चाचणी मी मागितली होती."

"ती मंजूर झाली नाही. तू मागितली होतीस, मी पुढे पाठवली होती, झाली नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आता बघ, त्यांच्या दृष्टीने हे छानच आहे. वर तेल, खाली तेल. म्हणजे डेपोचा काही संबंध नाही. या भागातलं पाणीच तसलं."

"पाणी तसलं नसतं, सर. बेसॉल्टमधून तेल निघत नाही."

"मला नको सांगूस."

हे वाक्य ते फार वेळा म्हणायचे, आणि ते नेहमीच खरं असायचं. त्यांना सांगून उपयोग नसायचा, आणि ज्याला सांगायचं तो कधी केबिनमध्ये नसायचा.

खण

दुसऱ्या दिवशी ती वरच्या तुकड्यात गेली. लांबूनच हिरवं दिसलं. पाइपाला खण बांधला होता. टोपणावर हळदीची पाच बोटं, कुंकू, खाली तांदूळ पसरलेले, त्यातले बरेच मुंग्यांनी नेलेले. एक सुपारी. फुटलेल्या नारळाची शेंडी.

रोहिणी उन्हात उभी राहिली. तिच्या घरी ओटी नव्हती, कलश नव्हता, विहिरीची पूजा नव्हती. आईने ते सगळं लग्नाआधीच मागे ठेवलेलं. पण कॉलनीच्या बाहेर पाऊल टाकलं की जे दिसतं ते तिला माहीत होतंच. नव्या विहिरीला पाणी लागलं की तिची ओटी भरतात. पाण्यावर दिवा सोडतात.

दिवा.

आक्काबाई खालून चढून आल्या तेव्हा ती पाइपाशेजारी मातीतच बसली होती.

"हे कोणी केलं?"

"शुभांगीने. मला कुठं चालतंय ओटी भराया." आक्काबाईंनी मोकळ्या कपाळावरून पदर पुढे ओढला. "मी लांबून सांगत होते. आधी हळद, मग कुंकू. तिला काय येत नाय."

"आत काय टाकलं?"

"टाकलं काय म्हणता. सोडलं."

"काय सोडलं, आक्का?"

"दिवा. पण भोक एवढं बारीक, पणती मावंना. मग तेल सोडलं आणि वात पेटवून वरून. गेली खाली टिमटिम करत. लय चांगलं दिसलं."

"किती तेल?"

"वाटीभर." आणि त्यांचा चेहरा जरा उजळला. "गोडं तेल, घाण्यावरचं. रेशनचं नाय घातलं."

रोहिणीला ओरडायचं होतं. तीन आठवडे ती एका गाडीवाल्याला दांड्या साबणाने घासायला लावत होती, ग्रीसचा डबा स्वतःच्या पिशवीत कोंडून ठेवत होती. आणि इथे घाण्यावरचं वाटीभर.

"तुम्हाला कळतंय का काय झालंय? त्या तेलाने सगळं बुडालं. आता ते म्हणणार वरचं पाणी पण खराब, मग डेपोचा काय दोष. तुमची विहीर अशीच राहणार."

 आक्काबाई म्हणाल्या, "गोड्या तेलाने पाणी खराब होतं?"

"होत नाही. पण मशीनला कळत नाही."

"मग मशीन बदला."

रोहिणी आणखी चिडली. "कोणाला तरी विचारायचं होतंत."

"इचारूनच केलं की."

विचारलं असेल तर नवनाथलाच, असं धरून तिने तिथूनच त्याला फोन लावला आणि धू धू धुतलं. पलीकडे कॉम्प्रेसर चालू होता. "मॅडम, आईनी आन," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी कोनले काहीच सांगं नाही." तिचा विश्वास बसला नाही. मग लॅबच्या माणसाला फोन. नमुना घेण्याआधी पाणी उपसलं होतं का?

तो जरा अडखळला. "मॅडम, तिथं पूजा केलेली होती. मी चपला काढल्या, नमस्कार केला. नुकती ओटी भरलेली... ते पाणी फेकून कसं देणार? म्हणून वरचं वरचं घेतलं."

वरचं वरचं. तेल जिथे असतं तिथलं.

तिने पिशवीतून बेलर काढला. तळाला झडप असलेली पोकळ नळी, दोरीला बांधून पाइपात सोडायची, भरली की ओढायची. पहिल्याच खेपेला पिवळा तवंग वर आला आणि त्याच्याबरोबर काळी पडलेली वात. आक्काबाई ती वात बघत राहिल्या.

"हे काढलं तर ओटी मोडते का?" रोहिणीने विचारलं. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मऊ निघाला.

"भरली की ती तिची. काय ठेवायचं, काय नाय, ती बघल." आक्काबाईंनी पदर खोचला. "आणा इकडं ती दोरी. तुम्हाला ओढता येत नाय."

दोघींनी आणि नंतर शुभांगीने मिळून संध्याकाळपर्यंत पाणी उपसलं. मग रोहिणीने नवी बाटली भरली. तिचा निकाल आठवड्याने आला. तेल व चिकट पदार्थ: आढळले नाहीत. पिण्यायोग्यतेच्या बाकी चाचण्याही तिने करून घेतल्या होत्या. सगळ्यात पास.

वाक्य

काँक्रीटच्या कामाला मंजुरी देणाऱ्या समितीची बैठक वातानुकूलित खोलीत होती, आणि खिडक्यांचे पडदे बंद होते. अध्यक्ष मधोमध. दोन्ही बाजूंना चारपाच जण. मनोजसर रोहिणीच्या शेजारी, पण खुर्ची जरा मागे ओढून.

अध्यक्षांनी अहवालातलं एक वाक्य बोटाने धरलं आणि मोठ्याने वाचलं. "संदर्भ कूपनलिकेत पूजाविधीच्या वेळी खाद्यतेल सोडले गेल्याने पहिला नमुना ग्राह्य धरू नये." त्यांनी मान वर केली. "हे वाक्य काढा."

"का, सर?"

"मॅडम, सिंहस्थ आहे. उद्या पेपरात येईल, पूजेमुळे पाणी दूषित. कोण निस्तरणार?"

"पाणी दूषित झालं असं लिहिलंच नाही, सर. नमुना बिघडला असं लिहिलंय. पाणी चांगलं आहे, दुसऱ्या नमुन्यात दिसतंय."

"दुसरा नमुना मंजूर कार्यक्रमात नव्हता. तो धरता येणार नाही."

"मग पहिलाही धरू नका. तिसरा घ्या. मी उद्या घेते, तुमचा माणूस पाठवा बरोबर."

"वेळ कुठे आहे?" अध्यक्ष खरंच खेदाने म्हणाले. "पावसाच्या आत काँक्रीट व्हायला हवं."

डावीकडचे एक सदस्य अहवालाचं पहिलं पान बघत होते, जिथे नावं असतात. "पगारे ना आपण?" ते सौम्यपणे म्हणाले. "नाही, गैरसमज करून घेऊ नका. तुमच्यात ओटीबिटी नसते, त्यामुळे तुमच्या लक्षात येणार नाही. हे विषय नाजूक असतात. आणि तुमच्या सहीने असं वाक्य गेलं, तर लोक वेगळाच अर्थ काढतील. तुमच्याच भल्यासाठी सांगतो."

खोलीत कोणीतरी कप बशीवर ठेवला. रोहिणीने मनोजसरांकडे पाहिलं. ते स्वतःच्या पेनाचं टोपण लावत होते, ते आधीच लागलेलं होतं.

"आमच्यात नसते, सर," ती म्हणाली. "पण तेल पाण्यावर तरंगतं, ते सगळ्यांच्यात तसंच."

 अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. मग त्यांनी सांगितलं आणि एकाने टिपून घेतलं: संदर्भ कूपनलिका व प्रकल्प क्षेत्र यांतील मूल्ये तुलनात्मक असल्याने माती हटवण्याची आवश्यकता दिसत नाही. त्या माणसाचं अक्षर सुरेख होतं.

जिन्यात मनोजसर म्हणाले, "उगाच बोललीस."

"हो."

"तू खरं बोललीस ते मला माहितीये."

"मला नका सांगू, सर," रोहिणी म्हणाली आणि पुढे निघून गेली.

पुन्हा भराव

मुरूम आला. रोलर फिरला. काँक्रीट ओतलं गेलं आणि त्यावर गोणपाटं भिजवून टाकली. डेपोचा काळा रंग पांढऱ्याखाली गेला, वास मात्र कडेकडेने येत राहिला. पांढरे पट्टे मारणाऱ्याने नाकाला रुमाल बांधला होता.

एक काम राहिलं होतं. काम संपलं की तपासणीचे बोअर सिमेंटने बुजवायचे, असं करारात होतं. डेपोतले काँक्रीटखाली आपोआप बुजले. वरचा रोहिणीला स्वतः बुजवायचा होता. ती सिमेंटची गोणी आणि बादली घेऊन गेली.

खण उन्हाने फिका पडला होता, पण गाठ नवी होती. कोणीतरी पुन्हा आवळली होती. पाइपाजवळ एक कळशी पालथी घातलेली.

"त्या दिवशी तुम्ही बाटली भरली आन् निकाल चांगला आला म्हणालात," आक्काबाई म्हणाल्या. "मग ती तुमची नळी देऊन टाका."

"बेलर? आक्का, त्याने एक कळशी भरायला किती वेळा ओढावं लागेल माहितीये का?"

"तुम्हाला घाई असंल. मला नाय."

"कोथिंबिरीला हे पाणी पुरणार नाही."

"कोथिंबिरीला कोण म्हणतंय." शुभांगी मागून आली होती. ती आता पहाटेच्या बाजारात बसत नव्हती. माल हायवेवरच्या हॉटेलवाल्याला द्यायची. तिथे जुडी कोणी नाकापाशी नेत नाही, आणि नेली तरी रश्शात कळत नाही. हे तिने सरळ सांगितलं, लपवलं नाही. रोहिणीला त्यावर काहीतरी म्हणायला हवं होतं. तो रस्सा कोणीतरी खातं. पण ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांना ती सांगून चुकली होती. उरल्या होत्या या दोघी, आणि यांना सांगण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं.

तिने गोणी उघडली नाही. बेलर पिशवीतून काढून आक्काबाईंच्या हातात दिला, झडप कशी साफ करायची ते दाखवलं, दोरी दगडाला घासू देऊ नका म्हणाली. टोपण रोज लावा, म्हणाली. आणि यात परत तेल सोडू नका.

"सणासुदीला बी नाय?"

"नाही."

"बरं. वरून दाखवू नुसता दिवा."

शेवटच्या नोंदीत 'बुजवली' लिहायचं होतं. रोहिणीने 'निरीक्षणासाठी खुली' लिहिलं. कोणी विचारलं नाही. जे खरंच विचारायला हवं ते न विचारणारे लोक हेही विचारत नाहीत, एवढा त्यांचा उपयोग.

गाडीत बसताना तिने मागे वळून पाहिलं. आक्काबाई दोरी ओढत होत्या, थांबत होत्या, कळशीत ओतत होत्या. खाली विहिरीवर मोटार चालू झाली होती आणि पाटातून पाणी कोथिंबिरीकडे जात होतं, उन्हात रंग मारत. मध्ये पांढरं काँक्रीट. रोहिणीने काच वर केली, मग परत खाली केली. वास यायचा तो आलाच.

वरच्या तुकड्यात पाणी लागलं त्या दुपारी, कॉम्प्रेसर चालू असताना, आक्काबाईंनी तिला विचारलं होतं, "मॅडम, हे पाणी प्यायचं ना? मग हिची ओटी भरायची ना?" रोहिणी मनोजसरांशी फोनवर बोलत होती. तिने मान हलवून हो म्हटलं होतं.